तात्याला आणा, लक्ष्याला राहू द्या

आमच्या दुकानासमोर रोज संध्याकाळी एक खटला चालतो. दुकान म्हणजे झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज आणि पाण्याच्या बाटल्या. दौलताबादच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, वेरूळला जाणाऱ्या रस्त्याला. शेजारी सीताफळाच्या पाट्या, पलीकडे चहाची गाडी. किल्ला बंद झाला, सहलीची शेवटची बस हलली, की दोन-तीन रिक्षावाले, एखादी फळवाली मावशी, माझा पुतण्या आणि त्याचे मित्र असे बाकड्यावर गोळा होतात. आरोपी ठरलेला: तात्या विंचू. त्याने खून केले की नाही हा वादच नाही, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. वाद असा, की तो मेला का? आणि मेला असेल तर परत यायचा त्याला हक्क आहे का?

महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’चा तिसरा भाग काढायचं जाहीर केल्यापासून या खटल्याला जोर आलाय. मला त्यात साक्षीदार म्हणून बोलावतात, कारण गावात तो पिक्चर सर्वांत जास्त वेळा मी पाहिलाय. ही बढाई नाही, तो माझा धंदा होता. आज जिथे झेरॉक्सचं मशीन आहे, तिथे नव्वदच्या दशकात माझं व्हिडिओ सेंटर होतं. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, मागे चार बाकडी, पुढे सतरंजी. मोठ्यांना दोन रुपये, पोरांना एक. कॅसेट तेव्हाच्या औरंगाबादेत गुलमंडीवरून भाड्याने आणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत करायची. उशीर झाला की एक दिवसाचं भाडं जादा.

‘झपाटलेला’ १९९३ साली आला. आमच्याकडे कॅसेट यायला वेळ लागला, पण आली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी पाहिला नाही असे मराठी लोक थोडे, तरी दोन ओळी सांगतो. तात्या विंचू हा गुंड. बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या घरी. आता बाहुल्यातून सुटून लक्ष्याच्या शरीरात जायचं, एवढंच तात्याचं ध्येय. माणूस-तात्या दिलीप प्रभावळकरांचा, बाहुल्याचा आवाजही त्यांचाच. बाहुला रामदास पाध्यांनी केलेला. आणि त्याला मारायची जागा एकच. भुवयांच्या मधोमध.

तर त्या रात्री आमच्या खोलीत साठेक माणसं. शेवट आलेला. बाहुला लक्ष्याच्या छातीवर बसून मंत्र म्हणतोय, महेशच्या हातात पिस्तूल, सतरंजीवरची पोरं श्वास धरून. आणि लाईट गेली.

अशी तशी नाही, पूर्ण गावाची. आम्ही कंदील लावून दोन तास बसलो. त्या दोन तासांत मी जेवढ्या कथा ऐकल्या तेवढ्या मला कुठल्या कॅसेटीत मिळाल्या नाहीत. कोणी म्हणालं गोळी चुकली आणि लक्ष्यालाच लागली. कोणी म्हणालं तात्या आता महेशच्या अंगात जाणार. एका म्हाताऱ्याने तर बाबा चमत्कारालाच शेवटचा खलनायक करून टाकलं. मी शेवट आधी पाहिलेला होता. सांगितला, की गोळी भुवईच्या मधे लागते, तात्या मरतो, लक्ष्या वाचतो. कोणी ऐकेना. ‘तुम्ही सांगता म्हणजे झालं का? आम्ही पैसे बघायचे दिलेत, ऐकायचे न्हाई.’ शेवटी निम्मे पैसे परत करायचं ठरलं. सगळ्यांनी घेतले, एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं सोडून. ते म्हणालं, ‘आठ आणे नको. अर्धा पिक्चर द्या.’

सकाळी कॅसेट गुलमंडीला गेली. पुढे ती अनेकदा आणली, पण त्या पोराचा योग काही जुळला नाही; वर्षा-दोन वर्षांत घरोघर केबल आली आणि माझं सेंटर बंद पडलं.

ते पोरगं आता आमच्या खटल्यात तात्याचं वकीलपत्र घेऊन बसतं. किल्ला ते वेरूळ अशी रिक्षा मारतो. तीस वर्षं त्याचं म्हणणं एकच: तात्या मेला हे त्याने पाहिलेलं नाही. त्यानंतर टीव्हीवर ‘झपाटलेला’ किती वेळा लागला असेल याची गणती नाही, आणि त्याने तो पाहिलाय हेही मला माहीत आहे. विचारलं तर म्हणतो, ‘टीव्हीवाले कापून दाखवतात, शेठ.’ २०१३ च्या जूनमध्ये ‘झपाटलेला २’ लागला, थ्रीडीमध्ये. हा सकाळचं भाडं सोडून शहरात गेला, आणि दुपारी माझ्या दारात उभा. ‘सांगितलं व्हतं का न्हाई?’ त्याला काय उत्तर देणार? तात्या खरंच परत आला होता.

आता माझ्या पुतण्याची बाजू ऐका. तो शहरात डिप्लोमा करतो आणि इंग्रजी मालिकांवर पोसलेला आहे. त्याचं म्हणणं कायद्याचं. जादूच्या गोष्टीतही नियम असतात, काका. भुवईच्या मधे गोळी लागली की मरतो, हा नियम तुमच्याच पिक्चरने घालून दिला. मग तो मोडायचा कसा? नियम मोडला तर पुढच्या वेळी भीती कशाची वाटणार? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या जॉन स्नोचं उदाहरण तो तोंडपाठ देतो. २०१५ च्या जूनमध्ये त्याच्याच माणसांनी सुरे भोसकून त्याला बर्फात टाकला. पुढचं जवळजवळ वर्षभर जगभर एकच वाद, हा परत येणार की नाही. ते काम करणारा नट, किट हॅरिंग्टन, जिथे तिथे सांगत होता की मी मेलो, आता नाही येत. पण लोकांनी त्याचे केस पाहिले. जॉन स्नोचे लांब कुरळे केस त्याने कापलेच नव्हते. काम संपलंय तर केस का ठेवलेस, राजा? २०१६ च्या मे महिन्यात तांबड्या झग्यातल्या मांत्रिकिणीने त्याला उठवला आणि नटाने लोकांची माफी मागितली, खोटं बोललो म्हणून. पुतण्याला हे उठणं मान्य आहे, कारण त्या मालिकेत मेलेल्याला उठवायची विद्या आधीच दाखवली होती. तात्याचं तसं नाही, म्हणतो.

मला या पोराचं कौतुक वाटतं. पण रूपावरून माणूस ओळखायची ही रीत काही इंग्रजी मालिकेने शोधलेली नाही. आपल्याकडे ती अडीचशे वर्षांपूर्वी झाली, आणि तिचा धागा थेट आमच्या किल्ल्याला येऊन बांधलेला आहे.

दौलताबादचा किल्ला दाखवणारे लोक पर्यटकांना यादवांचं देवगिरी सांगतात, १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे आणणारा तुघलक सांगतात, अंधारी नावाच्या भुयारात वटवाघळं दाखवतात, चिनी महालापाशी थांबून गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा याची कैद सांगतात. १६२९ साली याच किल्ल्यात शिवाजी महाराजांचे आजोबा लखुजी जाधवराव मारले गेले, तेही एखादा सांगतो. या यादीत एक नाव सहसा येत नाही: सदाशिवरावभाऊ. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला भाऊसाहेबांनी निजामाला हरवलं आणि तहात हा किल्ला मराठ्यांकडे आला. ज्या माणसाने आम्हाला हा किल्ला मिळवून दिला तो वर्ष सरायच्या आत पानिपतावर गेला. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा सुमार. विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊसाहेब गर्दीत घुसले, ते दिसेनासे झाले. (विश्वास पानिपतातच गेला, असं आपण अजून म्हणतो, उधार मागणाऱ्याला मी हेच सांगतो.) एक बिनशिराचं धड भाऊंचं म्हणून ओळखलं, त्याला अग्नी दिला. पण शीर नाही म्हटल्यावर मन मानतं होय?

नाहीच मानलं. पार्वतीबाई, भाऊसाहेबांच्या पत्नी, स्वतः पानिपतावर होत्या. तिथून जिवंत पुण्यात पोहोचल्या. त्यांनी कुंकू पुसलं नाही. १७८३ मध्ये वारल्या, त्या सौभाग्यवती म्हणून. बावीस वर्षं. कोणी त्यांना वेडी म्हटलं असेल, कोणी थोर. मला त्या आमच्या रिक्षावाल्याच्या फार थोर वडीलधाऱ्या वाटतात. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही तर तो का मान्य करायचा, ही त्यांची भूमिका होती, आणि त्या भूमिकेत एक तर्क आहे जो माझ्या पुतण्याच्या कायद्यापेक्षा मला जवळचा वाटतो.

पण याच पोकळीतून दुसरा माणूस आत शिरला. उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण, सुखलाल की सुखनिधान, मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. चेहरा म्हणे मिळताजुळता. त्याला धरलं, पुण्यात भाऊसाहेबांना जवळून पाहिलेल्यांसमोर उभं केलं, तोतया ठरवलं, कैदेत घातलं. १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. किंवा सोडला गेला. आणि काय झालं पाहा: कोकणातले किल्ले पटापट त्याच्या हाती आले, फौज जमली, तो बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. महादजी शिंद्यांना त्याच्यावर जावं लागलं. पकडून पुण्यात आणला, पुन्हा चौकशी झाली आणि हत्तीच्या पायी दिला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं, म्हणून शब्द तरी आपल्या तोंडात राहिला.

ज्यांनी त्याला किल्ले उघडून दिले ते सगळे भोळे होते असं मला वाटत नाही. काहींना भाऊ परत यायला हवे होते. काहींना पुण्याच्या कारभाऱ्यांचं नाक कापायचं होतं. काहींना जो जिंकेल त्याच्या बाजूला असायचं होतं. आशा एकाची, फायदा दुसऱ्याचा. मेलेला माणूस परत आला अशी बातमी जेव्हा कानावर येते, तेव्हा ती कोणाच्या आशेवर उभी आहे आणि कोणाच्या फायद्याची आहे, हे दोन्ही विचारावं. पडद्यावरच्या मेलेल्यालाही हाच प्रश्न लावतो मी. तो परत येतो तेव्हा तो स्वतः आलाय की त्याचा तोतया?

आमच्या घरात हा प्रश्न अण्णा नाईकांवरून सुटला. म्हणजे सुटला असं मी म्हणतो, आमच्या सौ. म्हणत नाहीत. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तीच अण्णांच्या मरणाने. आकेरीचा तो वाडा, अंगणातली माणसं, आणि गेलेल्या माणसाची सावली सगळ्यांवर. लोकांना एवढा चटका लागला की अण्णा परत हवेत, अण्णा परत हवेत. मग २०१९ मध्ये दुसरा भाग आला. तो मागे गेला, अण्णा जिवंत होते त्या काळात. माधव अभ्यंकरांचा अण्णा, शेवंता, पांडू. आमच्या घरी साडेदहाला कोणाचा फोन घेत नसत. मग २०२१ मध्ये तिसरा भाग, त्यात अण्णा भूत होऊन आले.

माझा निकाल असा की दुसरा भाग खरा, तिसरा तोतया. दुसऱ्या भागात अण्णांचं मरण कोणी खोटं ठरवलं नाही. उलट, हा माणूस मरणार आहे हे माहीत असताना त्याचा माज बघायला जी मजा येते ती पहिल्या भागात नव्हतीच. गोष्ट सांगणाऱ्याने आपलं कर्ज मान्य केलं आणि व्याजासकट फेडलं. शेरलॉक होम्सचंही असंच. कॉनन डॉयलने त्याला १८९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलला. आठेक वर्षांनी लोकांच्या रेट्याखाली लिहायला बसला तेव्हा ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ लिहिला, आणि ती गोष्ट होम्सच्या मरणाआधीची ठेवली. ती आजही त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी. त्यानंतर १९०३ मध्ये होम्स ‘मी पडलोच नव्हतो’ म्हणून जिवंत परत आला. वाचक खूश झाले, मीही शाळेत असताना अनुवाद वाचून खूश झालो होतो. पण धबधब्याचा तो प्रसंग त्यानंतर मला पुन्हा कधी तसा लागला नाही. पाणी तेवढंच, भीती गेली.

सौ.चं म्हणणं वेगळं. त्यांना तिसऱ्या भागातले अण्णाही हवे होते. ‘वाडा ओसाड बघवत नव्हता,’ म्हणाल्या. यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि घरात निकाल त्यांच्याच बाजूने लागला.

थोडं विषयांतर. आपल्या लोकांना मेलेला परत येणारच, ही सवय कुठून लागली? मला वाटतं अश्वत्थाम्यापासून. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे, दिवाळीत तिथे यात्रा भरते. कपाळावरचा मणी काढल्याची जखम घेऊन अश्वत्थामा तिथे अजून फिरतो, तेल मागतो, असं मानतात. हीच गोष्ट बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही सांगतात. आणि गंमत म्हणजे उदगीरच्या तहात दौलताबादबरोबर असीरगडही भाऊसाहेबांना मिळाला होता. मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा रिक्षावाला उठून उभा राहिला. ‘म्हंजे बघा. त्याची जखम बी कपाळाला, आपल्या तात्याची बी कपाळाला!’ त्या दिवशी पुतण्याकडेही उत्तर नव्हतं.

तेव्हा तात्याच्या बाबतीत माझं मत मी देऊन टाकतो. येऊ द्या. तो बाहुला आहे, आणि मरून परत येणं हेच त्याचं काम आहे. पहिल्या पिक्चरच्या पहिल्या अर्ध्या तासात तो एकदा मेलेलाच असतो. त्याच्या येण्याने कोणाच्या रडण्याचा अपमान होत नाही, कारण त्याच्यासाठी कोणी रडलंच नव्हतं. फक्त पुतण्याचं एक ऐका: भुवईच्या मधल्या गोळीचा हिशोब द्या. त्याला कोणी उठवला, कशाने उठवला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पडद्यावर दिसू द्या. फुकट उठलेला तात्या कोणाला घाबरवणार नाही.

माझं खरं भांडण पुढे आहे.

‘झपाटलेला २’ मीही पाहिला होता, रिक्षावाल्यानंतर आठवड्याने. तो काळा चष्मा लावून बसलो. आदिनाथ कोठारे होते, आपल्या मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे होते, बाहुला नाकासमोर येऊन सुरा फिरवत होता, पोरं किंचाळत होती. आणि मी वाट बघत बसलो. कशाची, ते मध्यंतराला कळलं. लक्ष्याची. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले, पन्नाशीत. ‘धुमधडाका’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम, सगळं मागे ठेवून. बाहुला परत आला होता, ज्याच्या घरी तो बाहुला आला होता तो माणूस परत येणार नव्हता. लाकडाचा तात्या आणि हाडामांसाचा लक्ष्या यांतला फरक मला त्या दिवशी, चाळीशी ओलांडल्यावर, चष्मा डोळ्यांवर असताना समजला.

आता तिसऱ्या भागाच्या निमित्ताने चर्चा अशी सुरू झाली, की लक्ष्याला एआयने पडद्यावर परत आणायचं. बाकड्यावर ही बातमी आली तेव्हा सगळे एका सुरात ‘व्वा’ म्हणाले. रिक्षावाल्याचे डोळे चमकले. पुतण्याने मोबाइलवर दुसऱ्या कुठल्या तरी गेलेल्या नटाचं तसं केलेलं चित्र दाखवलं. ओठ हलत होते, डोळे मिचकत होते, हुबेहूब. मी एकटाच गप्प राहिलो आणि त्यावरून मला बोलणी बसली. ‘तुम्हाला लक्ष्या नको काय, शेठ?’

लक्ष्या मला नको असता तर मी त्याचा पिक्चर इतक्या वेळा लावला नसता. आणि म्हणूनच सांगतो. मी व्हीसीआरच्या बाजूला स्टुलावर बसायचो, माझं तोंड पडद्याकडे नसायचं, माणसांकडे असायचं. कोणी विडी पेटवू नये म्हणून. एकच पिक्चर रोज वेगवेगळ्या माणसांच्या तोंडावर पाहायची मला सवय लागली. त्यातून एक गोष्ट कळली. लोक लक्ष्याच्या विनोदावर हसत नसत, विनोदाच्या आधीच हसत. बाहुला पहिल्यांदा बोलतो, लक्ष्या वळतो, आणि तोंड उघडायच्या आधी त्याच्या मानेला एक छोटा हिसका बसतो. त्या हिसक्याला खोली फुटायची. पंधरा वेळा पाहिलेला माणूसही फुटायचा, कारण पंधराव्या वेळीही वाटायचं की हा आत्ता घाबरला, या क्षणी, आपल्यासमोर.

मशीन तो हिसका काढेल. उत्तम काढेल. पण ते काढेल तो १९९३ चाच हिसका, दुसऱ्या पिक्चरमध्ये चिकटवलेला. तिसऱ्या भागातल्या नव्या प्रसंगात लक्ष्याने काय केलं असतं, हे लक्ष्यालाही शॉट लागेपर्यंत माहीत नसतं. ते जे माहीत नसणं आहे, तेच त्याचं कसब होतं. ते त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या चेहऱ्याने जो येईल त्याला आमच्या भाषेत शब्द आहे, आणि त्यासाठी इंग्रजी शब्दाची गरज नाही.

पुतण्या म्हणाला, घरच्यांनी परवानगी दिली तर? दिली तर कायद्याने सगळं ठीक होईल. चेहरा वापरायचा हक्क मिळेल. त्यावर मला काही बोलायचा अधिकारच नाही, आणि त्यांच्या भावनेत मी पडणार नाही. मी प्रेक्षक म्हणून बोलतोय. पार्वतीबाईंचं मला पुन्हा आठवतं. तोतया हत्तीच्या पायी गेला तेव्हा त्याच्यामागे धावलेले सगळे घरी गेले. पार्वतीबाईंचं कुंकू मात्र पुढेही सात वर्षं तसंच होतं. ज्यांना चेहरा हवा होता त्यांचं काम तोतयाने भागलं होतं. त्यांना माणूस हवा होता.

रिक्षावाल्याचा शेवटचा मुद्दा मला खरंच लागला. तो म्हणाला, ‘माझ्या पोराने लक्ष्याला टॉकीजमधी कधीच पाह्यला न्हाई. त्याला तरी दिसंल.’ यावर मी विचार केला. त्याच्या पोराला लक्ष्या दाखवायचा असेल तर लक्ष्या आहे की. मूळ ‘झपाटलेला’ मोठ्या पडद्यावर पुन्हा लावा. प्रिंट स्वच्छ करा, आवाज नीट करा, आणि तिसऱ्या भागाच्या आधी एक आठवडा गावोगावच्या टॉकीजला द्या. जुने पिक्चर पुन्हा लागतात आणि चालतात, हे आता सगळ्यांना दिसलंय. पोरांना घाबरायचं ते खऱ्या लक्ष्याबरोबर घाबरू दे. त्याला एआय लागत नाही, प्रोजेक्टर लागतो.

आणि महेशराव, तिसऱ्या भागात लक्ष्याची जागा रिकामी ठेवा. एक खुर्ची, त्याच्या घरातली, आणि बाहुला त्या खुर्चीकडे एकदा बघू दे. प्रभावळकरांच्या आवाजात त्याने काय म्हणावं ते तुम्ही ठरवा. आम्ही काय ते समजून घेऊ. इतकी वर्षं समजूनच घेतोय.

पिक्चर लागेल त्या दिवशी मी दुकान बंद ठेवणार आहे. रिक्षावाल्याला आणि त्याच्या पोराला घेऊन शहरात जायचंय, तिकिटं माझी. त्याचा अर्धा पिक्चर माझ्याकडे बाकी आहे.